तळमजल्याचं बिऱ्हाड

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी फिश टँक घासायला काढला. घरात दिवाळीच्या साफसफाईचं वारं शिरलं होतं. माळ्यावरची पितळेची भांडी खाली आली होती, पंख्यांची पाती पुसून झाली होती. बाहेरच्या खोलीतली दोन फुटी टाकी तेवढी हिरवट, शेवाळलेली दिसत होती. मासे बादलीत काढले. खडी नळाखाली खळखळून धुतली. फिल्टरचा काळपट स्पंज धारेखाली धरून, मूळचा रंग दिसेपर्यंत पिळला. काच आतून-बाहेरून पुसली, ताजं पाणी भरलं, क्लोरीन मारायचे थेंबही आठवणीने टाकले. संध्याकाळी दिवा लावला तर टाकी सोनाराच्या शोकेससारखी लखलखत होती. आई म्हणाली, "आता कशी बघण्यासारखी झाली!"

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तळाशी राहणारे पाचही मासे वर आले होते. एरवी खडीत तोंड खुपसून फिरणारे ते जीव पाण्याच्या पातळीला टेकून भराभर कल्ले हलवत होते. पाडव्याला सकाळी तीन गेलेले दिसले, भाऊबीजेला चौथा. उरला तो एक. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, आणि त्याच पाण्यात मासे विषबाधेने मेले होते.

काय चुकलं ते कळायला मला पुढचं वर्षभर लागलं. पुस्तकं वाचली, दुकानदारांना पिडलं, वर्षानुवर्षं मासे पाळणाऱ्या दोन-तीन घरांत जाऊन तासन् तास टाकीसमोर बसलो. तळाशी राहणाऱ्या माशांकडे आपण सगळेच किती चुकीच्या नजरेने बघतो, ते त्या वर्षात उमगलं. हा लेख त्या माशांबद्दल आहे. थोडासा आपल्या नजरेबद्दलही.

'एक क्लीनर टाकून देतो'

पुण्यात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीत, कुठेही रंगीत माशांच्या दुकानात उभे राहा. गिऱ्हाईक गोल्डफिश घेतं, गप्पी घेतं, एंजल घेतं. पिशवीला रबर लावता लावता दुकानदार हमखास म्हणतो, "साहेब, एक क्लीनर टाकून देतो. घाण खाईल."

हा 'क्लीनर' कधी सकर असतो, कधी कोरी, कधी लोच. तिघांत साम्य एवढंच की तिघंही तळाशी राहतात. तळाशी राहतो म्हणजे वरच्यांचं उष्टं खातो, वरच्यांची घाण काढतो, आणि त्याला वेगळं काही द्यावं लागत नाही, असा हा हिशेब. आपल्या समाजात हा हिशेब कुठून आला असेल ते सांगायला नको. पण माशांच्या बाबतीत तो साफ खोटा आहे. आपण टाकीत पाळतो त्यांतला कुठलाही मासा दुसऱ्या माशाची विष्ठा खाऊन जगत नाही. कोरी आणि लोच तळातले किडे, अळ्या, बारीक जंतू शोधून खातात, म्हणजे चांगला मांसाहार करतात. खाली पडलेले खाण्याचे दाणे ते टिपतात हे खरं. पण ते खाऊन तेही विष्ठा टाकतातच. क्लीनर आणल्याने टाकीतली घाण कमी होत नाही, एका माशाने वाढते.

सकरची गोष्ट तर आणखी वाईट. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा दक्षिण अमेरिकी मासा वाढून दीड फुटाचा होतो. दोन फुटी टाकीत त्याला वळताही येत नाही. मग घरचे लोक 'जीव वाचवावा' म्हणून त्याला नदीत किंवा तलावात सोडतात. त्याचं काय होतं, ते पुढे येईलच.

चिलखतवाला

माझ्या टाकीतले ते पाच मासे कोरी होते. कोरीडोरस हे त्यांचं शास्त्रीय घराणं. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०३ साली हे नाव दिलं, त्याचं मूळ 'शिरस्त्राण' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. ते शोभतंही. कोरीच्या अंगावर खवले नसतात. दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात, कौलं एकावर एक बसवावीत तशा. कल्ल्यांमागच्या पराला कडक काटा असतो आणि तो ताठ उभा करून जागच्या जागी अडकवता येतो. गिळायला आलेल्या मोठ्या माशाच्या घशात हा काटा आडवा बसतो. जाळीने पकडायला जाल तर काटा जाळीत अडकतो, हाताला लागला तर चांगलाच झोंबतो. म्हणून कोरी पकडायला जाळीपेक्षा काचेचं भांडं बरं.

हे मासे दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यानाल्यांचे, नद्यांच्या उथळ काठांचे. त्यातल्या ठिपकेवाल्या कोरीचा नमुना चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केला होता. जेनिन्स यांनी १८४२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. १८७८ साली पॅरिसमध्ये कार्बोनिए यांनी याच जातीची पिल्लं टाकीत काढून दाखवली. म्हणजे घरगुती टाकीत या माशाचा संसार सुरू होऊन जवळजवळ दीडशे वर्षं झाली. २०२४ साली संशोधकांनी या मोठ्या घराण्याची वाटणी करून अनेक चुली वेगळ्या मांडल्या. ठिपकेवाली कोरी आता होप्लिसोमा झाली, तांबूस कोरी ऑस्टिओगॅस्टर. दुकानात मात्र सगळ्यांना अजून 'कोरी'च म्हणतात, आणि पुढची काही वर्षं तरी तेच म्हणतील.

कोरीची एक खोड नव्या माणसाला घाबरवते. तळाशी निवांत फिरता फिरता एखादा मासा अचानक बाणासारखा वर झेपावतो, पृष्ठभागाशी एक घोट घेतो आणि तसाच खाली जातो. ही हवा तो गिळतो आणि आतड्याच्या मागच्या भागातून तिच्यातला प्राणवायू रक्तात ओढून घेतो. गढूळ, साचलेल्या पाण्यात जगायची ही त्याची जन्मजात सोय. अधूनमधून असा घोट घेणं अगदी नॉर्मल. पण दर मिनिटाला वर-खाली चाललं असेल तर समजावं, खाली श्वास कोंडतोय. माझ्या लक्ष्मीपूजनाला तेच चाललं होतं.

आणि हो, कोरी डोळा मारतो. पापणी नसते, तो बुबुळच खाली फिरवतो. पण समोर बसलेल्याला वाटतं, आपल्यालाच खूण केली.

वाळूचा घास

या माशांच्या तब्येतीबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी वाळूची सांगेन.

एका रविवारी सकाळी मी डोंबिवलीतल्या एका घरी तीन फुटी टाकीसमोर मांडी घालून बसलो होतो. तळाला बारीक, फिकट वाळूचा दोन बोटं थर. सात कोरी एका रांगेत चालले होते. एकाने तोंड वाळूत खुपसलं, थेट डोळ्यांपर्यंत. क्षणभर थांबला. मग दोन्ही कल्ल्यांतून वाळूच्या दोन बारीक धारा खाली सांडल्या, पिठाच्या चाळणीतून सांडाव्यात तशा. खाण्यासारखं होतं ते आत राहिलं, बाकीचं बाहेर आलं. दोन पावलं पुढे, पुन्हा तेच. आमच्या खडीत माझे मासे हे कधीच करत नव्हते. ते दगडांच्या फटीत नाक घालून नुसते ढोसत राहायचे. मला वाटायचं, हीच त्यांची पद्धत.

तोंडाभोवतीच्या मिशा हे या माशांचं बोट आणि जीभ, दोन्ही. त्यांवर चव घेणाऱ्या पेशी असतात. अंधारात, गढूळ पाण्यात अन्न सापडतं ते त्यांच्याच जोरावर. दुकानातली रंगीत खडी पुष्कळदा कोपऱ्यांना धारदार असते, आणि मुख्य म्हणजे खड्यांच्या फटींत अन्न पडून कुजतं. सतत घासलेल्या मिशांना त्या कुजक्या जागी जंतू लागतात. मिशा आधी टोकाला पांढुरक्या होतात, मग आखूड, मग नुसते खुंट. माझ्या उरलेल्या एका माशाच्या मिशा मी भिंगातून पाहिल्या तेव्हा त्या अर्ध्याच होत्या. पण त्या मुळापासून गेल्या नसतील तर परत वाढतात. वाळू घातल्यावर चारेक महिन्यांत माझ्या माशाच्या मिशा पुन्हा लांब दिसायला लागल्या.

वाळू कोणती? कण गोलसर आणि एक मिलिमीटरहून बारीक हवेत. ती बादलीत घालून पाणी निवळेपर्यंत, दहा-बारा वेळा तरी धुवायची. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघायचं. फेस आला तर तिच्यात चुन्याचा अंश आहे, ती पाणी जड करेल. थर जाड नको, एक ते दोन इंच पुष्कळ. फार जाड थराच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही आणि खाली कुजक्या अंड्यासारख्या वासाची काळी घाण साठते. आठवड्याला पाणी बदलताना सायफनची नळी वाळूच्या जरा वरून फिरवली की हलकी घाण निघून जाते आणि जड वाळू खाली राहते.

न दिसणारे कामगार

आता त्या लखलखीत टाकीत मासे का मेले, ते.

मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो विषारी आहे, आणि पाणी जितकं अल्कधर्मी तितका जास्त. पीएच सातवरून आठवर गेला की त्याचं घातक रूप सुमारे दहापट होतं. नैसर्गिक नदीत हे प्रचंड पाण्यात विरून जातं. पन्नास लिटरच्या टाकीत विरायला जागाच नसते.

टाकी तगते ती जिवाणूंच्या जोरावर. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच, कारण त्याने रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहायचा थांबतो. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, ते आठवड्याच्या पाणीबदलाने निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते चिकटून असतात स्पंजला, वाळूला, दगडांना, म्हणजे आपण ज्याला 'घाण' म्हणतो त्या तपकिरी लेपाला. आणि त्यांची वस्ती बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात.

ती सगळी वस्ती मी एका दुपारी उठवली होती. स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली धुतला, खडी धुतली, काच पुसली. क्लोरीन मारायचे थेंब टाकले, पण जिवाणू मेल्यावर. चार दिवसांत अमोनिया साठत गेला आणि दिव्यांच्या रात्री विषारी पातळीला पोचला. दिसायला पाणी नितळ होतं, कारण अमोनियाला रंग नसतो.

तेव्हापासून नियम साधा आहे. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा दाबून, बस. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. नवी टाकी असेल तर जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये घालायचा, दुधाला विरजण लावावं तसा. आणि अमोनिया, नायट्राइट मोजायची छोटी किट घरात ठेवायची. दोन्हीचा आकडा शून्यच हवा. 'थोडासा चालतो' असं काही नाही.

गुरुवारचं पाणी, मे महिन्याची दुपार

परदेशी पुस्तकांत जे लिहिलेलं नसतं ते आपल्याकडे शिकावं लागतं. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी नळाला आधी गढूळ, कधी क्लोरीनचा उग्र वास असलेलं पाणी येतं. ते पाणी टाकीत घालायचं नाही. माझ्याकडे गच्चीच्या दारामागे एक झाकणाची बादली असते. तिच्यात बुधवारीच पाणी भरून ठेवतो. एक दिवस हवेचा पंप लावला की क्लोरीन उडून जातो, वर सोडियम थायोसल्फेटचे थेंबही घालतो. बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं. तांबूस कोरी ते चालवून घेते, पण जंगलातून पकडून आणलेल्या नाजूक जातींना ते मानवत नाही.

वीज गेली की फिल्टर बंद पडतो. एखाद-दोन तासांचं काही नाही. पण पाच-सहा तास फिल्टर बंद राहिला तर स्पंजमधले जिवाणू प्राणवायूवाचून गुदमरायला लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो घरात असावा. वीज आल्यावर बंद डब्याचा फिल्टर लगेच सुरू करू नये, आतलं साचलेलं पाणी आधी ओतून द्यावं.

डासांच्या वड्या आणि द्रव औषधं हा आणखी एक आपला प्रश्न. त्यांतली पायरेथ्रॉइड जातीची रसायनं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशांना फार घातक असतात. आणि टाकीचा हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. ज्या खोलीत टाकी, त्या खोलीत हे लावायचं नाही. पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पंप बंद करून टाकी प्लास्टिकने झाकायची.

आणि उन्हाळा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास वाढतो, प्राणवायू मात्र घटतो. डार्विनची ठिपकेवाली कोरी अठरा ते तेवीस अंशांत सुखी असते. पांडा कोरीलाही थंडच पाणी लागतं. पुणे, नागपूर, संभाजीनगरच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत पाणी तीस-बत्तीसला जातं तेव्हा हे मासे कढत असतात. आपल्याकडे एसीशिवाय कोरी पाळायचा तर तांबूस कोरी घ्यावी, नाहीतर स्टेर्बाय. ही स्टेर्बाय बोलिव्हिया-ब्राझीलच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीची. तिला सव्वीस-अठ्ठावीस अंश मजेत चालतात. दुकानात दिसायला सगळ्यात गोंडस पांडा असते आणि उन्हाळ्यात सगळ्यात आधी तीच जाते. टाकीच्या पाण्यावरून टेबलफॅनची हवा सोडली तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. एवढंही पुष्कळदा जीव वाचवतं.

रात्रीचं जेवण

कोरी एकटा ठेवू नये. निदान सहा हवेत, तेही एकाच जातीचे. एकटा मासा दगडामागे दडून बसतो आणि आपण म्हणतो, 'शांत आहे.' तो शांत नसतो, घाबरलेला असतो. जागेचा हिशेब उंचीचा नाही, तळाचा करायचा. दोन फूट बाय एक फूट तळात सहा तांबूस कोरी मावतात. उंच, अरुंद शोभेची टाकी त्यांच्या उपयोगाची नाही. जागा कमीच असेल तर पिग्मी कोरी हा इंचभर लांबीचा मासा आहे. तो तळापेक्षा मधल्या पाण्यात जास्त रमतो.

खाणं वरच्या माशांना आधी द्यायचं, ते गुंतले की बुडणाऱ्या गोळ्या तळाशी सोडायच्या. लोच रात्री खातात, त्यांच्यासाठी दिवा बंद केल्यावर. आठवड्यातून एकदा गोठवलेल्या लाल अळ्या, कधी डॅफ्निया. दुकानात मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स वर्म सांडपाण्याच्या चिखलात वाढतात. ते घालणं म्हणजे आजार विकत आणणं. वाळवलेले चालतील.

माशाला पुरेसं मिळतंय की नाही, ते पोटावरून कळतं. कोरीचं पोट खालून किंचित फुगीर असावं. लोचला वरून बघावं. डोक्यामागे अंग सुरीसारखं निमुळतं झालं असेल तर तो उपाशी आहे किंवा त्याच्या पोटात जंत आहेत. मी पाहिलेल्या आजारी लोचांपैकी निम्मे नुसते उपाशी होते. 'क्लीनर आहे, त्याला काय द्यायचं' या भरवशावर.

पांढरे ठिपके

अंगावर रवा पेरावा तसे पांढरे ठिपके, हा सगळ्यांत ओळखीचा आजार. आणि तो लोचला सगळ्यात आधी होतो. तो करणारा एकपेशीय परजीवी मासा सोडून खाली पडतो, टाकीच्या तळाला चिकटतो, गाठ बांधतो आणि तिच्या आत शेकडो पिल्लांत फुटतो. ती पोहत बाहेर पडतात आणि दोन-एक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला लागू पडतं. माशाच्या कातडीखाली बसलेल्याला नाही, तळाच्या गाठीलाही नाही. म्हणून 'ठिपके गेले' म्हणून औषध थांबवलं की आठवड्यात पुन्हा येतात. उपचार शेवटचा ठिपका गेल्यावरही काही दिवस चालवायचा, आणि रोज सायफनने तळ ओढायचा. गाठी तिथेच असतात.

लोचचे खवले अगदी बारीक असतात. कोरीला तर नसतातच. मॅलाकाइट ग्रीन, तांबं अशी औषधं या माशांना फार लवकर बाधतात. त्यामुळे पुष्कळ जाणते पाळणारे निम्म्या मात्रेपासून सुरुवात करतात आणि माशाकडे बघत बघत वाढवतात. दुकानातलं 'निळं औषध', म्हणजे मिथिलीन ब्ल्यू, फिल्टरच्या जिवाणूंनाही मारतं. ते मुख्य टाकीत कधीच टाकू नये, वेगळ्या बादलीत द्यावं. पण सगळ्यात चांगलं औषध विलगीकरण. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचा. कोविडनंतर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या ओढ्यातला पट्टेवाला

लोच म्हटलं की दुकानदार इंडोनेशियातला क्लाऊन लोच दाखवतो. नारिंगी अंग, काळे पट्टे, दोन इंची बाळ. सुमात्रा-बोर्निओचा हा मासा फूटभर वाढतो आणि वीस वर्षांहून जास्त जगतो. दोन फुटी टाकीत त्याला घालणं हा गुन्हाच समजावा.

त्याच्या शेजारच्या टाकीत पुष्कळदा एक छोटा, बारीक पिवळसर-काळ्या पट्ट्यांचा मासा असतो, झीब्रा लोच. जगभरच्या टाक्यांत हा मासा आहे आणि पुष्कळांना ठाऊक नसतं की तो आपल्या सह्याद्रीचा आहे. बोटिया स्ट्रायाटा हे त्याचं नाव. नारायण राव यांनी १९२० साली तत्कालीन म्हैसूर संस्थानातल्या तुंगा नदीतून त्याचं वर्णन केलं. पश्चिम घाटातल्या कृष्णा खोऱ्याच्या नद्या-ओढे हे त्याचं घर. स्वच्छ, वाहतं, दगडगोट्यांचं पाणी. त्याच्या डोळ्याखाली दुभंगलेला काटा असतो, तोही जाळीत अडकतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो धोक्यात असलेल्या जातींत आहे. एकीकडे त्याचे ओढे बिघडतायत, दुसरीकडे शोभेच्या व्यापारासाठी तो पकडला जातो.

या लेखाच्या निमित्ताने मी आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी जाऊन आलो. डोंगराच्या पोटातून पाणी येतं, पुढे महादेवाचं देऊळ, समोर कुंड. त्या पाण्यात दगडांवरून सावलीसारखा सरकणारा एक चिमुकला लोच राहतो. २०२० साली त्याचं वर्णन झालं तेव्हा त्याला नदीचंच नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ साली राज्य सरकारने या परिसराला जैवविविधता वारसास्थळ जाहीर केलं. देवळाच्या पाण्यात मासेमारी करायची नाही, हा संकेत शास्त्रज्ञांच्या आधीपासूनचा. पायऱ्यांवर बसून मी विचार करत होतो, एकाच सह्याद्रीतले दोन चुलतभाऊ. एकाला देवाचं पाणी मिळालं म्हणून तो राहिला. दुसऱ्याला नुसताच ओढा मिळाला.

उलट दिशेचा प्रवासही चालू आहे. नदीत सोडून दिलेला सकर आता आपल्या जलाशयांत घट्ट बसला आहे. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत तो येतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, त्याला भाव नाही. नर काठाला बिळं खोदतात, तिथे अंडी राखली जातात. 'घाण खाईल' म्हणून दहा-वीस रुपयांना दिलेल्या क्लीनरची ही किंमत कोण भरतंय, ते उजनीला जाऊन विचारावं.

पहिला पाऊस

माझा उरलेला एकटा कोरी त्या दिवाळीनंतर दोन महिने एकटाच होता. मग वाळू आली, स्पंजची वस्ती बसली, किटवर दोन्ही आकडे शून्य आले, आणि तीन आठवडे वेगळे ठेवून मी त्याच्या जातीचे सहा आणले. बादलीतून ते खाली उतरताच एकटा दगडामागून बाहेर आला आणि त्यांच्यात मिसळला. त्या क्षणानंतर तो मला वेगळा ओळखू आला तो फक्त परावरच्या एका जुन्या खाचेवरून.

कोरी पावसाची वाट बघतो. त्याच्या मुलखात पावसाळ्याच्या सुरुवातीला नद्यांना थंड, मऊ पाणी येतं आणि तेव्हा हे मासे अंडी घालतात. आमच्याकडे जून महिन्यात पहिला मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा दोन-तीन अंश थंड पाणी घातलं. त्याच रात्री टाकीत पळापळ. नर काचेला लागून आडवा उभा राहिला, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावून थांबली, इंग्रजी टी अक्षरासारखं. १९९५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की या वेळी मादी नराचं रेत गिळते. ते आतड्यातून झपाट्याने पुढे जातं आणि तिने पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांपाशी बाहेर पडतं. मग ती वर येते, काच तोंडाने चाचपते आणि चिकट अंडी एकेक लावून मोकळी होते. सकाळी काचेवर साबुदाण्यासारखे चाळीसेक दाणे होते. चौथ्या दिवशी त्यांतून शेपट्या हलायला लागल्या.

आई काचेला नाक लावून म्हणाली, "अरे, यांच्यात पण ओटीत घेतात की!"

तळ बरा असेल तर मासे सांगतात, वाईट असेल तरी तेच आधी सांगतात. वर पोहणाऱ्यांना कळायला वेळ लागतो. म्हणून वाचकाला विनंती एवढीच: टाकी आणाल तर आधी सहा आठवडे जिवाणूंची वस्ती बसू द्या, मग मासे आणा. तळाला वाळू घाला, तळातल्यांसाठी वेगळं ताट वाढा, आणि दुकानदार 'क्लीनर टाकून देतो' म्हणाला तर नको म्हणा. झीब्रा लोच घ्यायचाच असेल तर तो संवर्धनकेंद्रात वाढवलेला आहे की ओढ्यातून पकडलेला, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. आणि नकोसा झालेला मासा नदीत सोडू नका, दुकानात परत करा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

यंदाही घरात साफसफाई झाली. टाकीच्या बाहेरची काच तेवढी पुसली. आतला स्पंज काळाच आहे. परावर खाच असलेला तो मासा आता नऊ वर्षांचा झाला, आणि रोज संध्याकाळी वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतो.